पाठीतलं पाणी

धर्मराजचे गाल फुगले तेव्हा माझ्या सासूनं फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. येईल त्याला दाखवायची. "बघा, माह्या औषधानं लेकरू कसं भरलंय!" गाल गोल, मान जाड, पोट पुढं आलेलं आणि हातपाय मात्र काड्या. ह्याला कोण सुखावणं म्हणतं? पण आमच्या घरात माणूस गोल दिसला की तब्येत सुधारली, विषय संपला. मी एकदाच म्हणाले, "आई, हे अंग नाही, सूज आहे." तर म्हणे, "नवरा अंगानं भरलेला बघवंना व्हय गं तुला?" घ्या! म्हणजे मीच वाईट.

धर्मराज माझा नवरा. कबुतरांच्या जाळ्या बसवतो. नवी मुंबईत जेवढे टॉवर तेवढी कबुतरं, त्यामुळे कामाला मरण नाही. लोकांना जाळी ताणलेली दिसते. त्याआधीचं काम कुणाला दिसत नाही. इमारतीच्या डक्टमध्ये दोरीला लटकून, एसीच्या मागं, पाइपांच्या खाचेत वर्षानुवर्षं साचलेली घाण पत्र्यानं खरवडायची. ती वाळून पीठ झालेली असते. खरवडली की नुसता धुरळा. नाकाला काय, तर रुमाल. मास्क आणून दिला तर म्हणायचा, "त्यात जीव कोंडतो, सोनम." मग खोकला लागला, मग दम लागायला लागला, जिना चढताना मधेच थांबायचा.

सासू माझी हिंगोलीकडची, नाव रखमा. सासरे गेल्यापासून आमच्याकडे जुईनगरला. तिनं करंजाड्याला एक दम्याचे औषधवाले बाबा शोधून काढले आणि पुड्या आणल्या. पांढरी पावडर, मधातून चाटायची. खोटं कशाला बोलू, जादू झाली. आठवड्यात खोकला गायब, माणूस परत दोरीवर. सासूची कॉलर टाइट. मीही खूश होते. पुडी संपली की दीर सौरभ बाइकवरून जाऊन नवीन घेऊन यायचा. असं बरेच महिने चाललं.

मग डोकं सुरू झालं. आधी बाम, मग गोळी, मग सकाळी उठल्या उठल्या उलटी. म्हणाला, "मला दोन-दोन नळ दिसतात." सासू म्हणाली पित्त आहे. आणि एका सकाळी बघते तर हा टेप घेऊन फ्रिजचं माप घेतोय. "काय करतोस?" तर म्हणे, "मॅडम, जाळी उद्या बसवून देतो." मला मॅडम! माझ्या हातातली परात खाली पडली. त्याच्या अंगात शर्ट घातला, रिक्षा केली आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. कुणाला विचारलं नाही, विचारत बसले असते तर तिथंच गेला असता.

तिथं डॉक्टर श्रुती मॅडम होत्या. वयानं लहान, डोळ्यांखाली काळं, पण बाई पक्की. त्याचा गोल चेहरा बघितला, शर्ट वर करून पोटावरचे लालसर चट्टे बघितले आणि मला विचारलं, "ह्यांना स्टेरॉइड कोण देतंय?" मी म्हटलं, कोण नाही हो, दम्याची साधी पुडी आहे. पर्समध्ये होती एक, दिली काढून. त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, काम काय करतात? मी सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मला नीट समजावलं. कबुतरांच्या वाळलेल्या घाणीत एक बुरशी असते. ती श्वासातून आत जाते. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. पण असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड कालवलेलं असतं, त्यानं दम बसतो खरा, पण अंगाची लढायची ताकदही बसते. मग बुरशीला मोकळं रान मिळतं. ती मेंदूपर्यंत जाते.

"पाठीच्या मणक्यातून सुई घालून पाणी काढावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "त्यात बुरशी सापडली की नक्की कळेल. आणि मेंदूभोवतीचं ते पाणी तुंबलंय असं वाटतंय, ते थोडं काढलं की दाब उतरेल. दाब तसाच राहिला तर डोळे जातील, जीवही जाईल. हे पुन्हा पुन्हा करावं लागेल, हेही सांगून ठेवते."

मी म्हटलं, करा. तेवढ्यात आमची वरात आली. सासू पुढं, सौरभ मागं.

"बुरशी?" सासू ओरडली. "बुरशी भाकरीला लागती! माणसाच्या डोक्याला कवा लागली व्हय?" मॅडमनी पुन्हा सगळं सांगितलं. त्यात एचआयव्हीची टेस्ट पण पाठवलीय म्हणाल्या, ह्या आजारात करतातच. झालं! सासू माझ्याकडे वळली. "माह्या पोराला तसला आजार? आला असंल तर हिच्यामुळंच!" भरल्या वॉर्डात. आजूबाजूचे पेशंट उठून बसले. टेस्ट पुढं निगेटिव्ह आली, पण तोंडातून गेलेलं कोण परत घेतं? तिनं तरी नाही घेतलं.

आणि पाठीत सुई म्हटल्यावर तर तिनं बसकणच मारली. तिचा भाऊ होता गावाकडं, गोटीराममामा. त्याच्या पाठीत अशीच सुई मारली आणि तो खाटेवरून परत उठला नाही, ही गोष्ट ती लग्नात, बारशात, कुठंही सांगते. मामाला मणक्याचा टीबी होता. सुई मारायच्या आधीच त्याचे पाय गेले होते, बैलगाडीत घालून तालुक्याला नेला होता, हे तिनंच मला सांगितलंय. पण ते नाही आठवत. सुई तेवढी आठवते.

"पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा व्हतो," ती म्हणाली. "म्या माह्या डोळ्यानं बघितलंय. हात लावू देणार न्हाई."

माझा तोल गेला. गेला तर गेला, मी काय खोटं बोलले? "लुळा तुमच्या पुडीनं झालाय!" मी म्हटलं. "गोल झालाय, भरलाय म्हणून गावभर मिरवलंत ना? विष चाटवत होतात पोराला, मधातून!" सगळ्यांसमोर म्हटलं. सासूचं तोंड एवढंसं झालं आणि मग ती जी पेटली ती पेटलीच. छाती बडवून घ्यायला लागली. सौरभ मॅडमच्या अंगावर गेला, "सुई मारली आणि भावाला काय झालं ना, तर बघून घेईन एकेकाला. व्हिडिओ काढून ठेवतोय मी." बारा गावचं पाणी प्यायलेला पोरगा, पुड्या आणायला हाच जात होता, आणि आता हा न्याय करणार! चोराच्या उलट्या बोंबा.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सोनमताई, तुमची सही चालते. पण मागच्या महिन्यात इथं एका डॉक्टरला मारलंय नातेवाइकांनी. वरचे म्हणतात, आधी घरच्यांचं एकमत करा." एकमत! आमच्या घरात भाजीत मीठ किती यावर एकमत नाही. रक्ताच्या तपासणीत बुरशी दिसली होती, त्यावरून त्यांनी सलाइनमधून औषध सुरू केलं. औषध कडक. त्याला हुडहुडी भरायची, दात वाजायचे. सासू म्हणायची, बघा, चांगल्या माणसाला ताप आणला. आणि दाब तसाच. तो डोकं धरून भिंतीवर आपटायचा. मी त्याच्या डोक्याखाली माझा हात घालून बसायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू आणि सौरभ करंजाड्याला गेले. बाबांकडून डोकेदुखीवर काढा आणायला. म्हणजे ज्यानं खड्ड्यात घातलं त्यालाच दोरी मागायला! ते गेले आणि तासाभरात धर्मराजला फिट आली. डोळे पांढरे, तोंडाला फेस, आख्खा पलंग हलत होता. फिट थांबवली, डोक्याचा स्कॅन केला आणि मॅडम धावत आल्या. "आता नाही तर कधीच नाही." मी म्हटलं, आणा कागद. सही केली. राग आला की माझा हात थरथरत नाही.

धरायला माणूस कमी होता, मीच धरलं. त्याला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, पाठीची कमान. एक हात मानेमागं, एक गुडघ्यांमागं. मी त्याला असा आवळला की माझेच खांदे भरून आले. तो तसूभर हलला नाही. हे नीट ऐकून ठेवा. तसूभरसुद्धा नाही. सुई गेली आणि पाणी आलं, नळाचा वायसर गेल्यावर येतं तसं, जोरात. मॅडमनी ओठ दाबले. थेंब थेंब यायला पाहिजे होतं म्हणाल्या. बाटलीत पाणी जमत गेलं तसा त्याच्या कपाळावरचा पीळ सुटत गेला. किती दिवसांनी तो शांत झोपला.

सकाळी जागा झाला. मला नावानं हाक मारली, सोनम म्हणून. मॅडम नाही, सोनम! मी रडायलाच लागले. मग तो म्हणाला, "लाइट का बंद केलीस? लाव ना."

लाइट चालू होती. खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

मॅडमनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाल्या, दाबानं डोळ्यांच्या नसा चेपल्यात. एका डोळ्याला पुढं थोडं दिसू लागेल, सांगता येत नाही. मी विचारलं, "आल्या आल्या पाणी काढलं असतं तर?" त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला, कारण त्यांचाही राग आला होता मला. एकमत म्हणे.

आणि मग रात्र बाबांच्या दारात काढून, काढ्याची बाटली घेऊन हे दोघं हजर. पुढचं काय सांगू! "म्या सांगितलं व्हतं! म्या सांगितलं व्हतं! सुईनं डोळे नेले माह्या लेकराचे!" धर्मराज ऐकत होता. अंधारात पडलेला माणूस, त्याला आवाजच तेवढे. एकीकडून आईचं रडणं, एकीकडून भावाचं, "वहिनीनं आम्ही नसताना सही केली." त्यानं माझ्या दिशेनं तोंड वळवलं, थोडं चुकून, मी उभी होते त्याच्या बाजूला. "तू मारायला लावलीस सुई?"

"हो," मी म्हटलं. "मीच. परत लागली तर परत लावीन."

"हात लावू नकोस मला," तो म्हणाला.

संध्याकाळपासून डोकं परत चढायला लागलं. सकाळी मॅडम आल्या, पाणी परत तुंबलंय, काढायला हवं म्हणाल्या. धर्मराज म्हणाला, नाही. शुद्धीत होता, नाव-गाव-वार सगळं बरोबर सांगत होता. शुद्धीतल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध सुई कशी मारणार? मॅडमनी सांगून बघितलं. मी सांगून बघितलं, मग ओरडून बघितलं, मग शिव्या घालून बघितल्या. "मर मग!" असंही म्हणाले मी. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. "आई सांगेल तसं," एवढंच बोलायचा. आणि आई काय सांगणार ते आख्ख्या वॉर्डाला पाठ होतं.

सासू जिन्यात बसली होती, पायरीवर, पदर तोंडाला लावून. मी तिथं भांडायलाच गेले होते. नरड्याशी आलेलं सगळं तिच्या तोंडावर मारायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिनंच सुरुवात केली.

"आया सांगत व्हती," ती म्हणाली, "सुई मारताना माणसाला गच्च धरावं लागतंय. जरा हललं की नस तुटती. कुणी धरलं व्हतं त्याला?"

"मी."

"मग तूच हलवलंस. हातात जोर हाय का तुह्या? साधी घागर उचलंना तुला. तूच हलवलंस, म्हणून माह्या लेकराचे डोळे गेले!"

माझ्या अंगाचा भडका उडाला. ज्या हातांनी त्याला दगडासारखा धरला, ते हात! तोंड उघडलं मी. आणि तशीच राहिले. कारण माझ्या लक्षात आलं की म्हातारी आत्ता काय बोलून गेली. सुईनं डोळे गेले असं नाही म्हणाली. माझ्यामुळं गेले म्हणाली. म्हणजे सुई वाईट नाही. धरणारी वाईट.

आत तो डोकं आपटत होता. त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "हो आई. हललं माझ्याकडून."

आयुष्यात मी तिला कधी 'हो आई' म्हटलं नव्हतं. तिनं तोंडावरचा पदर काढला.

"माझ्या हातात जोर नाही," मी म्हटलं. "तो तडफडत होता, मला आवरला नाही. तुम्ही असता तर हलू दिला नसता. लहानपणी त्याला पाजताना, टोचताना तुम्हीच धरलंय ना? आता परत सुई मारायचीय. मला नाही जमणार. तुम्ही धरा."

एकेक शब्द जिभेवरून उतरताना मला कडू लागत होता. सासूनं माझे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "गोटीरामाला पण त्याच्या बायकोनंच धरलं व्हतं. तीबी तुह्यासारखीच, मरतुकडी." आणि पदर कमरेला खोचून उठली.

आत जाऊन तिनं पोराच्या कानात सांगितलं, "माय हाय इथं. म्या धरते, मग कसं व्हतंय बघू." तो लगेच हो म्हणाला. लगेच! मी एवढा घसा फोडला होता.

श्रुती मॅडमनी सासूला समजवायला सुरुवात केली, "आजी, एक लक्षात घ्या, डोळे हलल्यामुळं नाही गेले हं, ते दाबामुळं..." मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की बाई कळवळल्या. डोळ्यांनीच म्हटलं, गप्प बसा. शहाण्या होत्या, गप्प बसल्या.

मला बाहेर काढलं. काचेतून दिसत होतं. म्हातारीनं पोराला असा कवटाळला, गुडघे छातीला, मान खाली, की आया बाजूलाच झाली. पाणी आलं. या वेळी जरा कमी जोरात. तो आईच्या दंडावर डोकं टेकून निवांत झाला आणि म्हणाला, भूक लागली.

ती बाहेर आली ती घाम पुसत. सौरभ होता, त्याचे दोन मित्र होते, शेजारच्या पलंगाची बाई होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्या धरला तर हूं की चूं केलं न्हाई लेकरानं. हिनं धरला आणि आंधळा केला. बायको ती बायको, माय ती माय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पुडीपासून काढ्यापर्यंत सगळं, एका दमात. मी गिळलं. परवा परत सुई होती. त्यानंतर परत. म्हातारीला चिडवून चालणार नव्हतं.

दर सुईला ती आली. तेल लावून, वेणी घालून, ठरल्या वेळेच्या आधी. आयांना शिकवायची, असं नाही, असं धरा. सौरभनं व्हिडिओ काढला, पण आईचा, आणि गावच्या ग्रुपवर टाकला. औषध लागू पडलं, दाब उतरला, आम्ही घरी आलो. डाव्या डोळ्यानं आता त्याला माणूस आल्याचं कळतं, कोण आलंय ते कळत नाही. कबुतरांचं काम संपलं. मी सकाळी पाळणाघरात कामाला जाते, दुपारी डबे करते. बुरशीच्या गोळ्या अजून वर्षभर आहेत.

भेटायला येणाऱ्यांची रीघ. सासू लोडाला कुशीवर निजवून दाखवते, कसं धरायचं ते. "आणि हिनं असं सोडलं," म्हणून लोड हलवते. बायका च्च च्च करतात, मी चहा ठेवते. माझ्या आईला पण असंच कळलंय. तिनं फोनवर विचारलं, "अगं, नीट धरायचं ना?" सख्ख्या आईनं! मी फोन ठेवून दिला.

काल धर्मराजचं डोकं परत थोडं धरलं होतं. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या सोमवारी या, बहुतेक एकदा पाणी काढून बघू. संध्याकाळी मी त्याला गोळी द्यायला गेले. तो पलंगावर बसला होता. मी शेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला. त्यानं घेऊ दिला. किती दिवसांनी घेऊ दिला.

"सोनम," तो म्हणाला, "आई इथं नाही. एक खरं सांग. मी चिडणार नाही. मला आठवतंय थोडं थोडं. मला वाटतं तू मला गच्च धरलं होतंस. लई गच्च. मग हललं खरंच का तुझ्याकडून?"

बाहेरच्या खोलीत म्हातारी टीव्ही बघत होती. तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं मला, की नाही रे, नाही हलला तू, तसूभर नाही, विचार त्या मॅडमला! मग हा आईला विचारणार. आई पेटणार. सुईवर परत खापर फुटणार. आणि सोमवारी सुई होती.

"हो," मी म्हटलं. "हललं."

त्यानं हात काढून घेतला. सावकाश, चिडून नाही. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "आई, सोमवारी तूच ये गं. हिला नको आणू."

"येते रे राजा," म्हातारी बाहेरून ओरडली. "म्या हाय ना."

मी गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ती मात्र त्यानं घेतली.